जनरेटरपुढचा नारळ

अमेरिकन सरकारचं काम परदेशात घेणाऱ्या कंपनीला एक विमा उतरवावाच लागतो. कामगार कुठल्याही देशाचा असो, साहेब असो नाहीतर स्वयंपाकी, कामावर त्याला इजा झाली की उपचाराचा खर्च विमा कंपनी करते. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ऑफिसात हे सगळं बघायचं काम माझं. ऐकणाऱ्याला वाटतं, फारच रुक्ष काम असेल. असतंच. पण एका दसऱ्यानंतरचा तो आठवडा आठवला की मला भर मीटिंगमध्ये हसू फुटतं आणि मग खोकल्याचं नाटक करावं लागतं.

आमचं एक मोठं गोदाम फुजैराला आहे. तिथला जनरेटर मेकॅनिक सांगलीकडचा, पन्नाशीला आलेला. सगळे त्यांना दादा म्हणतात. तर दादा शेडमध्ये पाय घसरून पडले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं सरकली आहेत, ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवावी लागेल आणि तेही लवकर. हाडं अशीच वेडीवाकडी जुळली तर मूठ पुरती वळणार नाही. मूठ वळत नाही म्हणजे पाना धरता येत नाही, आणि पाना न धरणाऱ्या मेकॅनिकला आखातात कोण ठेवून घेणार? हॉस्पिटल विमा कंपनीच्या होकारासाठी थांबलं होतं आणि विमा कंपनीनं होकार अडवून ठेवला होता.

अडवणार नाही तर काय करणार बिचारी? तीन माणसांचे तीन जबाब. फोरमनचं म्हणणं, एसीचं पाणी गळत होतं. दादांचं म्हणणं, डिझेल सांडलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या वेल्डरनं तर कहरच केला, त्याच्या मते पाऊस आला होता. फुजैरात, ऑक्टोबरात, बंद शेडच्या आत.

माझं डोकंच फिरलं. मी गाडी काढली आणि डोंगरातल्या त्या रस्त्यानं फुजैराला निघाले. वाटभर मी मोठमोठ्यानं बोलून रागावण्याची तालीम करत होते. चांगली जमली होती, तिचा उपयोग झाला नाही याचं आजही वाईट वाटतं.

फोरमन म्हणजे रत्नागिरीचे चाचा. दाढी पांढरी झालेली, उमर आखातात गेलेली, तरी बोलणं अजून कोकणातल्या खाडीकाठचं. त्यांनी माझ्यापुढे सुलेमानीचा, म्हणजे बिनदुधाच्या चहाचा, कप ठेवला. दादा मोडका हात गळ्यातल्या झोळीत घालून कोपऱ्यात बसले होते.

“चाचा, खरं काय ते सांगा. यांचा हात जाईल अशानं.”

चाचांनी आधी दार लावलं. “मॅडम, पाणी होतं, हे हंड्रेड पर्सेंट खरं.”

“कसलं पाणी?”

चाचांनी दादांकडे बघितलं. दादांनी छताकडे बघितलं.

“नारळाचं,” चाचा म्हणाले.

नवा जनरेटर आला होता आणि दसरा होता. दोन्ही एकत्र आल्यावर सांगलीचा मेकॅनिक नारळाशिवाय बटण दाबेल, हे शक्यच नव्हतं. नारळ चाचांनी आणला होता, कारण रत्नागिरीच्या माणसादेखत दुसऱ्या कुणी नारळ निवडायचा म्हणजे त्यांचा अपमान. त्यांनी बकाल्यातले, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातले, सगळे नारळ कानाशी धरून हलवले, टिचकी मारून पाहिले आणि त्यातला सगळ्यात कडक उचलला. तो इतका कडक निघाला की पहिल्या फटक्याला फुटेना, दुसऱ्याला फुटेना. मग दादांनी दात-ओठ खाऊन एक हाणला. नारळ फुटला, पाणी गुळगुळीत फरशीवर पसरलं आणि दादा त्यावरून सरकत थेट जनरेटरच्या पायाशी जाऊन पडले.

“साष्टांगच घातला म्हणा ना,” दादा कसनुसं हसत म्हणाले.

मी हसायला लागले. हात मोडलेल्या माणसासमोर हसू नये हे मला कळत होतं, पण सुलेमानी नाकात गेली तरी थांबता येईना. मग दादाही हसले, हात दुखला म्हणून कळवळले आणि पुन्हा हसले.

“अहो, पण खोटं कशाला बोललात?” मी डोळे पुसत विचारलं. “चूक कुणाची, हे हा विमा विचारतच नाही. कामावर असताना झालं का, एवढंच विचारतो.”

“तेच तर सांगतो,” चाचा म्हणाले. “पूजा म्हणजे काम थोडंच झालं? अमेरिकन गव्हर्नमेंटची साइट, आपण तिथे आरती करतो. परमिट नाही, लेखी परमिशन नाही. कळलं तर याचा क्लेम खलास आणि आमची नोकरीपण खलास.”

मुद्दा बिनतोड होता. माझं हसू तिथेच आटलं. पण तीन खोटी कारणं सांगून जे होणार नव्हतं, ते एक खरं सांगून तरी होतं का पाहायचं, असं आम्ही ठरवलं.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल झाला. पडद्यावर अमेरिकेतल्या विमा कंपनीच्या बाई, टेबलाशी दादा, चाचा आणि दुभाषी म्हणून मी. मालकांच्या बाजूनं हजर राहायचं म्हणून गोदामाचे साइट मॅनेजर मागच्या खुर्चीत बसले होते. ते स्वतः अमेरिकन, सहा फुटांच्या वरचे आणि फार कमी बोलणारे.

दादांनी सगळं सांगितलं, मी भाषांतर केलं. बाईंनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, “डोक्यावर हेल्मेट होतं का?”

“होतं. टिळा लावायला थोडं मागे सरकवलं होतं.”

“नारळ फोडणं तुमच्या कामाचा भाग आहे का?”

दादा म्हणाले, “मॅडम, त्यांना सांगा, मशीन चालू करणं माझं काम. आणि नारळ न फोडता मी मशीनला हात लावत नाही.”

मी सांगितलं. बाईंनी पुढचा प्रश्न विचारला, आणि तोच प्रश्न आम्हाला नको होता. “कंपनीची याला परवानगी होती का?”

चाचा पांढरेफटक पडले. तेवढ्यात मागून खुर्ची करकरली.

“आरतीचं ताट मी धरलं होतं,” साइट मॅनेजर म्हणाले. “आधीचा जनरेटर आम्ही नारळाशिवाय सुरू केला होता. तो कायम बंद पडायचा. म्हणून या वेळी पूजा करा, असं मीच यांना सांगितलं.” साहेबांचं नाव पुढे येऊ नये म्हणूनही दोघं इतके दिवस खोटं बोलत होते, हे मला तेव्हा कळलं.

बाईंनी आपला आवाज बंद केला. पडद्यावर त्यांचे खांदे मात्र चांगलेच हलत होते. थोड्या वेळानं आवाज परत आला, तेव्हा त्या फार गंभीरपणे म्हणाल्या की मालकाच्या सांगण्यावरून, कामाच्या जागी झालेली ही इजा आहे, ऑपरेशनला मंजुरी देते. मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि मला रडूच आलं. पण दादांना कळायचं ते कळलं होतं, त्यांनी डाव्या हातानं चाचांचा खांदा घट्ट धरला होता.

ऑपरेशन झालं, व्यायाम झाले, मध्ये बरेच आठवडे गेले. मग एकदा दादा डॉक्टरांकडून परस्पर आमच्या ऑफिसात आले. बायामाणसांना लांबूनच नमस्कार करणारा तो माणूस, त्या दिवशी माझ्या टेबलापाशी आला आणि उजवा हात पुढे करून म्हणाला, “मॅडम, हात द्या.”

मी दिला. त्यांनी माझी बोटं अशी काही आवळली की मी कळवळून ओरडले आणि सगळं ऑफिस वळून बघायला लागलं.

“दुखलं?” दादांनी आनंदानं विचारलं.

“खूप,” मी म्हणाले.