पूर्ण पडदा

बंदूकबाजीच्या गेमचा नवा, दुसरा भाग मी टीव्हीवर सुरू केला आणि बाबा सवयीने दुसरा कंट्रोलर घेऊन शेजारी येऊन बसले. पहिल्या भागात पडदा मधोमध दुभागलेला असायचा. वरचा अर्धा माझा, खालचा त्यांचा. सत्तरीतले बाबा बटणं शोधेपर्यंत गोळी खाऊन पडायचे, आणि त्यांना उठवल्याशिवाय पुढचं दार उघडायचंच नाही. मी चरफडत मागे जायचो. "आलास का?" ते विचारायचे, जणू मी बाजारातून परत आलोय.

"बाबा, यात एकट्यानेच खेळायचंय."

"असू दे. मी बघतो."

चित्र काय देखणं होतं! पाण्यात आभाळ हलत होतं, गवताचं पातं न् पातं वेगळं दिसत होतं. पहिला भाग यापुढे अगदीच ओबडधोबड. शिवाय दारामागून दारं उघडत होती, कुणासाठी थांबायला नको होतं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. गोष्ट सुधारायला घेतली की आपण आधी तिच्यातली अडचण काढून टाकतो. कधीकधी त्या अडचणीशेजारीच आपण इतकी वर्षं बसलेलो असतो.

बाबांच्या हातातला कंट्रोलर बंदच होता. तरी गोळीबार सुरू झाला की त्यांचा अंगठा हलायचा.

"मागे बघून घे रे एकदा," ते मध्येच म्हणाले.

"यात मागे कुणी नसतं, बाबा," मी म्हणालो. पडद्यावरची नजर न काढता.