खांदा गार असताना बघावा

“फ्रोझन शोल्डर,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण आखडतं आणि हात वर जात नाही. शुगर असणाऱ्यांना जास्त होतं, आणि मला शुगर आहे. त्यांनी शहाद्याच्या फिजिओथेरपिस्टच्या नावाने चिठ्ठी दिली. देताना हसले, तेव्हाच मला शंका आली.

माझा स्वभावच तसा. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात लोक मला घोडा पारखायला नेतात. विकणारा लंगडा घोडा आधी फिरवून गरम करतो, मग लंगडणं झाकलं जातं. म्हणून मी घोडा पहाटे, गार असतानाच बघतो. घरी माझीही एक घोडी आहे. मला खोगीर चढवता येईना, तर यंदा यात्रेत तिला विकायची असं घरात ठरलं होतं. मला ते नको होतं.

फिजिओथेरपिस्ट जवळच्याच कळसाडी गावची, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. पहिल्याच दिवशी तिने स्टीलची वाकडी पट्टी काढली. इन्स्ट्रुमेंट असिस्टेड सॉफ्ट टिश्यू मोबिलायझेशन असं लांबलचक नाव. म्हणजे तेल लावून आखडलेला स्नायू पट्टीने घासणे. मी म्हटलं, हा तर घोड्याचा खरारा. मग कपिंग. पंपाने कपातली हवा ओढली की कातडी वर येते. पाठीवर जांभळे गोल उठले.

टेबलावरून उतरलो तर हात बराच वर गेला. मला संशयच आला. गरम करून दाखवलेला घोडा मी ओळखतो, हे तिला सुनावलंही.

ती रागावली नाही. हा आराम दोन-तीन दिवसांचा, खरं काम घरच्या व्यायामाचं, म्हणाली. आपल्याच मालाची खोट सांगणारा विकणारा मी पाहिला नव्हता, म्हणून संशय आणखी वाढला. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, दिवसातून तीनदा. मी केला नाही. तिने विचारलं की हो म्हणायचो. शिवाय तिच्याकडे जायच्या दिवशी दुखण्याची गोळी घेऊन, खांदा शेकून जायचो, खोटं उघडं पडू नये म्हणून.

बायको म्हणायची, “घोडीले देखतस तसं तिले नका देखू.”

चौथ्या खेपेला त्या पोरीने शेकलेल्या खांद्याला हात लावून बघितला आणि पट्टी हातात घेतलीच नाही. “आबा, उद्या सकायले या. गोयी नका लेवू, शेक बी नको. खांदा गार देखना शे.”

गेलो. हात छातीच्या वर जाईना. ज्या विकणाऱ्यांना भर बाजारात उघडं पाडलं, त्यांच्या रांगेत आज मीच उभा होतो. फार लाज वाटली. तिने भिंतीकडे बोट दाखवलं, आणि मी भिंतीवर बोटं चालवायला लागलो.

तुमच्यापैकी कुणाला हे दुखणं झालं तर संशय जरूर घ्या. कप काय करतात, आराम किती टिकतो, सगळं विचारा. पण व्यायाम चुकवला असेल तर तेही सांगा. मला आठ महिने लागले. त्यात पट्टीचं श्रेय किती, भिंतीचं किती, मला अजून कळलेलं नाही. त्या पोरीचे उपकार मात्र मी मानतो.

यात्रेच्या पहिल्या दिवशी पहाटे, चहाच्या आधी, गोळी न घेता मी खोगीर उचललं. बायको मदतीला मागे उभी होती. तिला हात लावावा लागला नाही. घोडी यात्रेला गेली, पण विकायला नाही; मी तिच्यावर बसून गेलो.