क कानबाईचा

आज पर्वत पाटियाच्या बँकेत वंदना भेटली. नव्वदच्या दशकात या गुजराती शहरातल्या मराठी शाळेत ती माझ्याकडे पहिलीत होती. आईवडील खान्देशातले, कापडाच्या लूमवर कामाला.

तेव्हा मी ‘क कमळाचा’ शिकवत होते. ती म्हणाली, "क कानबाईचा." तिच्या घरी दर श्रावणात कानबाई देवी बसायची. मी सगळ्यांदेखत दटावलं, "पुस्तकातलं बोल." त्यानंतर ती वर्गात बोललीच नाही.

दोन वर्षांनी मी कानबाईची गाणी फळ्यावर लिहून वाचन शिकवू लागले. मुलं भराभर वाचू लागली. तोवर तिची शाळा सुटली होती.

आज तिने फॉर्मवर अंगठा उमटवला. "मन्हं डोकंच चाले नही, बाई," ती म्हणाली.

चूक माझी होती, हे मला सांगता आलं नाही. इथे कुणी शिक्षक असाल तर सांगा, आता तिच्या घरी जाऊन कबूल केलं, तर तिच्या हाती काय लागणार?