नवऱ्याची साखर आणि भावोजींचा फॉर्म

नवऱ्याचा मधुमेह विमा कंपनीपासून लपवला, म्हणून खूश होऊन मी बासुंदी केली आणि त्याच नवऱ्याला दोन वाट्या वाढली. माझ्या मूर्खपणाची यादी कोणी करायला बसलं, तर हे सगळ्यात वर लिहावं लागेल. आज मी सत्तरीची आहे. तेव्हा साठीला टेकलेली ती बाई स्वतःला फार हुशार समजायची. आता भेटली तर तिच्या हातातला वाढायचा डाव काढून घेईन आणि त्यानंच तिच्या पाठीत एक ठेवून देईन.

आरोग्य विम्याचा फॉर्म घेऊन आले होते आमचे भावोजी, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. शहापुरात एसटी स्टँडजवळ त्यांचं दुकानवजा ऑफिस होतं आणि ते विम्याची कामं करायचे. सिद्धगडच्या बाजूला आमच्या गावात ते आले की आधी कोंबडी कापली जायची, मग कागद निघायचे. त्या दिवशीही तसंच झालं. जेवण झालं, ओटीवर फॉर्म पसरला आणि आजारांचा रकाना आला.

"शुगर हाय त्यांना," मी म्हटलं. "आठ वर्षं झाली, गोळी चालू हाय."

भावोजींनी पेन थांबवलं. "वहिनी, ते लिवू नका. हप्ता वाढंल, वर डॉक्टरकडं पाठवतील. नाय लिवतो. आपल्या घरचंच काम हाय."

त्यांनी 'नाही' लिहिलं. नवऱ्यानं न वाचता सही केली. मी चूल पेटवून दूध आटवायला ठेवलं.

आता हीच बाई म्हसा गावच्या जत्रेत बैल घेताना कशी वागायची ते सांगते. दात बघायचे, शेपूट ओढायची, चढावर दोनदा चालवायचा, मागचा पाय घासतो का ते खाली वाकून बघायचं. विकणाऱ्याच्या गावचा कोणी भेटला तर त्याला बाजूला घेऊन चहा पाजायचा आणि बैलाची खोड काढून घ्यायची. म्हशीचा विमा उतरवला तेव्हा जनावरांचे डॉक्टर आले, कानात बिल्ला मारला आणि मी आपण होऊन सांगितलं की हिच्या आचळाचा एक सड बंद आहे. म्हशीचं सगळं खरं लिहिलं गेलं. खोटं लिहिलं गेलं ते फक्त नवऱ्याचं.

का, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. पैसे वाचत होते, हे एक. घरचा माणूस सांगतोय, हे दुसरं. पण खरं कारण वेगळंच आहे आणि ते सांगायला लाज वाटते. 'नाही' लिहिलं तेव्हा मला हलकं वाटलं. जणू त्या क्षणी त्यांची शुगर गेलीच. कागदावर नाही, म्हणजे अंगातही नाही. बासुंदी त्याच आनंदाची होती. म्हैस मरू शकते हे मला पटत होतं. आमच्या घरात माणसाला काही होईल, हे मात्र मला कधी पटलंच नव्हतं.

दुसऱ्याच वर्षी कापणीनंतर शेतात भाताचं धसकट त्यांच्या टाचेत घुसलं. शुगरनं पाय बधिर झालेला, त्यांना कळलंही नाही. कळलं तेव्हा पाय सुजून काळा पडला होता. ठाण्याला नेलं. दोन बोटं कापली आणि अर्धी टाच गेली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं तर आमचे हे मोठ्या अभिमानानं म्हणाले, "शुगर? धा वर्षं झाली, साहेब!" ते फाइलीत गेलं, फाइल कंपनीत गेली आणि कंपनीचं पत्र आलं. आजार लपवला, पैसे मिळणार नाहीत. जत्रेतून निवडून आणलेली बैलजोडी विकली.

मी शहापूरला भावोजींच्या ऑफिसात गेले. त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "वहिनी, मी कुठं सांगितलं? सही तर तुमच्या घरचीच हाय ना."

त्या वाक्यावर मी आठ वर्षं जगले. सणाला त्यांना वाढलं, हसून बोलले आणि वाट बघितली.

गेल्या वर्षी ते आपण होऊनच आले. महिन्याला भरघोस देणारी कसलीशी नवी योजना होती. भातसानगरच्या निम्म्या कॉलनीनं पैसे घातलेत म्हणाले. आमच्या बचत गटाच्या बायकांना दाखवायची होती, सोबत आरोग्य विम्याचे फॉर्मही आणले होते. मी गावभर निरोप धाडले. दुपारी ओटीवर वीसेक बायका जमल्या. वन्सं, म्हणजे माझी नणंदही नवऱ्याबरोबर आली होती. चहा झाला. मी चष्मा लावला.

"भावोजी, पयला फॉर्म तुमचाच भरू. तुमचं बघून ह्या शिकतील."

"मला काय झालंय वहिनी?" ते हसले.

"तेच तर लिवायचंय. तंबाखू?"

"नाय."

"मग चुन्याची डबी कोणाच्या खिशात हाय?" वन्सं मागून म्हणाल्या. बायका हसल्या. मी 'हो' लिहिलं.

"दारू?"

"सणासुदीला, थोडी."

"आमच्याकडं रोज सण असतो गो!" वन्सं म्हणाल्या. आता बायकांना आवरेना. एकीनं हसता हसता कप उपडा केला.

"बीपी?"

"कधी तपासलं नाय."

"स्वतःची पॉलिसी कितीची?"

भावोजींनी खिसे चाचपले, जणू ती तिथं ठेवली असावी. मी परत विचारलं. वन्संचं हसू थांबलं. वीस वर्षं लोकांचे विमे उतरवणाऱ्या या माणसानं स्वतःचा उतरवलाच नव्हता. मला काय होतंय, असं त्यांनाही वाटत होतं.

"आणि या नव्या योजनेत तुमचे किती?"

"मी... आता घालणारच हाय."

बायका एकेक करून उठल्या. मी फॉर्म भावोजींपुढं सरकवला. "सही करा भावोजी. सही तर तुमच्या घरचीच हाय ना."

त्यांनी केली. ती सही मी डोळे भरून पाहिली. आसपासच्या पाच वाड्यांत त्यांच्या हातून पुढे एकही कागद विकला गेला नाही. मला वाईट वाटलं का? मुळीच नाही. त्या दुपारचा चहासुद्धा मला गोड लागला होता.

सही करून भावोजी मोटारसायकलपाशी जाऊन उभे राहिले. वन्सं मागे थांबल्या आणि माझ्याबरोबर कप विसळू लागल्या. शेवटचा कप पालथा घालून त्या म्हणाल्या,

"माझ्या नवऱ्याचा फॉर्म वीस बायकांत वाचलास, मी हसले, त्याच्या वाटचंच होतं ते. पण मघाशी विहिरीवरनं हंडा आणताना तू तीनदा थांबलीस, छातीला हात लावून. मी मोजत होते. तुझ्या फॉर्मवर कोण लिवणार गो, का तिथं बी 'नाय'च?"