विहिरीतल्या देवाचा कौल

साखरपुड्याच्या अंगठीसाठी माझ्या भाचीची अट एकच होती. तिच्यात बसणारा खडा जमिनीतून कुणी काढला आणि काढताना त्याला काय सोसावं लागलं, हे तिला ठाऊक हवं. ती पुण्यात नोकरी करते. तिथे तिने खाणीत उतरणाऱ्या लहान मुलांची एक फिल्म पाहिली होती आणि ती मुलं तिच्या डोक्यातून जात नव्हती. अंगठी मात्र महाडलाच करायची, कारण आमच्या घरातले सगळे दागिने एकाच सराफाकडे झाले आहेत आणि ही रीत मोडायचा धीर अजून कुणाला झालेला नाही. माझी बहीण, म्हणजे तिची आई, या प्रकरणाला वैतागली होती. म्हणून सोबतीला मी गेलो. मलाही पाहायचंच होतं, एखाद्या दगडाचा माग काढत मागे मागे गेलं तर माणूस पोचतो कुठे.

सराफाने आधी तिची रास विचारली. ती तिने सांगितली नाही. मग त्याने कागदाच्या पुडीतून एक निळा खडा काढला आणि शेजारी सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र ठेवलं. त्यात खड्याचं वजन होतं, रंग होता, पैलू होते आणि शेवटी, तो ‘नैतिक मार्गाने’ मिळवल्याचं एक वाक्य होतं. किनार जितकी सोनेरी तितका मजकूर मोघम, असा माझा अनुभव आहे.

“हा आला कुठून, काका?” भाचीने विचारलं.

“सुरतेहून.”

“आणि सुरतेला?”

“जयपूरहून.”

“त्याआधी?”

सराफाने प्रमाणपत्र उलटून पाहिलं. त्याच्या दुकानात हा प्रश्न पहिल्यांदाच आला असावा. “त्याआधी जमिनीतून, ताई,” तो म्हणाला. उत्तर खोटं नव्हतं.

घरी येताना मी तिला डिवचलं, की हातातल्या मोबाईलमधले धातू कुणी काढले ते विचारलंस का कधी. ती म्हणाली, “मोबाईल दोन वर्षांनी फेकणार आहे, मामा. अंगठी नाही.” डिवचल्याचं मला वाईट वाटलं, म्हणून मी बोलून गेलो, की जिचा सगळा इतिहास माहीत आहे अशी एक जांभळी गारगोटी आपल्या नात्यातच आहे. पोलादपूरजवळच्या कापडे गावातल्या माझ्या आत्याकडे, देव्हाऱ्यात.

आम्ही फक्त बघायला जायचं ठरवलं होतं. पण बहिणीने आदल्या दिवशीच आत्याला फोन करून सगळं सांगून टाकलं. आता माहेरची लेक लग्नाआधी काही मागायला येते म्हटल्यावर आत्या नाही म्हणणार नाही, हे मला पोलादपूरच्या स्टँडवरच कळून चुकलं. तिचे यजमान, आमचे आतोबा, वारले तेव्हापासून ती घरात एकटी असते. मुलं मुंबईला. रोज सकाळी ती त्या गारगोटीला आंघोळ घालते, कुंकू लावते आणि तिच्याशी थोडं बोलते. गारगोटी मुठीएवढी. अंगठीसाठी ती फोडावी लागली असती.

भाचीने तिला तोच प्रश्न विचारला. हा दगड कुणी काढला?

“मीच,” आत्या म्हणाली. “हीर खणताना त्यांनी पहार लावली नि मी हातानं ओढला. ह्ये बोट तवाच चेचलं.” तिने वाकडं बोट दाखवलं. “त्याच दिशी हिरीला पाणी लागलं. मंग त्याला घरात नाय आणायचा तर काय?”

एवढी नेमकी माहिती कुठल्याच प्रमाणपत्रात नसते. भाची त्या बोटाकडे पाहत राहिली. आपल्याला दगड नको, असं ती सांगू लागली. पण आत्या ऐकेना.

“मी कोण देणारी, गो? देव त्यो हाय. त्यालाच इचारू.”

म्हणजे कौल लावायचा. आमच्याकडे अडलेल्या गोष्टी अशाच सुटतात. ओल्या पाकळ्या देवाच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या आणि वाट पाहायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आत्याने जास्वंदीच्या पाकळ्या आणल्या. मी देवभोळा नाही, त्यामुळे डोळे मिटले नाहीत आणि म्हणून मला दिसलं, की डावी पाकळी तिने अंगठ्याने दाबून बसवली आणि उजवी नुसती टेकवली.

उजवी पडली.

“दिला बघ,” आत्या म्हणाली आणि कुंकू पुसायला पदर हातात घेतला. दगडावर ठेवलेला हात मात्र तिने उचलला नाही.

“आजी, एकदा मीही विचारते,” भाची म्हणाली. “अंगठी माझी आहे.”

तिने नव्या पाकळ्या घेतल्या. तिनेही डोळे मिटलेले नव्हते, हे मला तेव्हा समजलं. तिने उजवी पाकळी पाण्यात चांगली बुडवून दाबून लावली. डावी कोरडीच होती. तिला पडायला फार वेळ लागला नाही.

आत्याने डावीकडची गळलेली पाकळी उचलली. मग पदर सोडून म्हणाली, “लबाड हायस.”

“तुमच्यावरच गेलेय,” भाची म्हणाली. देवाने दोघींनाही मागितला तोच कौल दिला होता आणि मला त्यात गैर काही दिसेना.

मग आत्या उठली. विहिरीतून निघालेले बाकीचे दगड शेताच्या बांधात घातले होते, तिथे ती आम्हाला घेऊन गेली. “ह्ये त्याचे भाऊबंद,” म्हणाली, “ह्यांना कुनी पूजत नाय. न्या हवा तो.” भाचीने हरभऱ्याएवढा एक तुकडा शोधला. फिकट जांभळा, मधून तडा गेलेला.

सराफाने भिंग लावून पाहिलं आणि याला काही भाव नाही, घासताना फुटलाच तर जबाबदारी माझी नाही, असं बजावलं. मग सवयीने विचारलं, “आणला कुठून?” भाचीने त्याला सांगायला सुरुवात केली. विहीर, पहार आणि वाकडं बोट, सगळं. निळ्या खड्याची पुडी तोपर्यंत गल्ल्याखाली गेली होती.

खडा फुटला नाही. साखरपुड्याला आत्या कापड्याहून एसटीने आली. तिने भाचीच्या कपाळाला कुंकू लावलं, तिचा हात हातात घेतला, अंगठी निरखली आणि रोजच्या सवयीने कुंकवाचं बोट खड्यालाही टेकवलं. त्यामुळे तोही आता देव झाला आहे. लग्नानंतर भाची भांडी घासताना अंगठी काढून ठेवते आणि ती देव्हाऱ्यात ठेवायची की ओट्यावर, यावर त्यांच्या पुण्याच्या घरात अजून एकमत नाही.