उंदराची तान

चहाचा कप आधी खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना घोट तोंडात असला तर तो नाकातून बाहेर येतो, अनुभव आहे. आणि हसायचं माझ्यावरच आहे, तेव्हा संकोच नको.

तर, वाशिंदजवळच्या एका प्रयोगशाळेला प्राणिगृहात माणसं हवी होती. तिथे औषधं तपासायला पांढरे उंदीर ठेवतात, त्यांची देखभाल करायची. त्यासाठी शहापुरात प्रशिक्षण भरलं आणि शिकवायला कोण? मी! मुरबाडच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन नुकतीच बाहेर पडलेली, आणि एकाच गोष्टीने पेटलेली: विज्ञान मातृभाषेतच शिकवलं पाहिजे!

प्रयोगशाळेतले जनावरांचे डॉक्टर बिचारे म्हणाले, "अहो, काही शब्द इंग्रजीच राहू द्या. लोकांना सवय असते."

"सवयी मोडायच्या असतात, डॉक्टर!" मी म्हटलं. ते गप्प बसले. शहाणी माणसं बसतात.

मग काय, मी सुटलेच. सेलची पेशी केली, हार्मोनचं संप्रेरक केलं, कंट्रोल ग्रुपचा नियंत्रित गट केला. आणि स्ट्रेसचा केला ताण. या ताणानेच पुढे माझा घात केला.

वर्गात पहिल्या रांगेत पारूताई बसायच्या. डोंगराकडच्या पाड्यातल्या. दरवर्षी दिवाळी झाली की पोरीला आश्रमशाळेत सोडायचं आणि नवराबायकोने वीटभट्टीवर जायचं. "ही नोकरी लागली ना मॅडम, तर पोरगी माझ्याजवळ ऱ्हाईल," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. झालं! कोणी पास होवो न होवो, पारूताई झाल्याच पाहिजेत, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

धडा सुरू झाला. "ताण आलेल्या उंदरावर प्रयोग केला की निकाल चुकतो. जे दिसतंय ते औषधामुळे की ताणामुळे, हे कळतच नाही. म्हणून प्राण्याला ताण येता कामा नये!"

"खरा हाय," पारूताई म्हणाल्या. "मुका जीव. तान लागली तर सांगंल कोनाला?"

माझे डोळे पाणावले हो! एवढी करुणा! आता 'ताण' पुल्लिंगी आणि त्या 'लागली' म्हणतायत, हे माझ्या कानाला खटकलं. पण मी म्हटलं, बोलीत लिंग बदलतं, आपण बोलीचा मान राखला पाहिजे. राखला मान. विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काय! सरावासाठी आणलेल्या प्रत्येक पिंजऱ्याला दोन-दोन बाटल्या, आत पाण्याची वाटी, वाटी कलंडून खाली अंथरलेला भुसा चिंब, आणि उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसलेले, मला शिव्या देत.

"अहो, हे काय? एवढ्या पाण्याने ताण वाढतो!"

पारूताईंनी शेजारणीकडे बघितलं. शेजारीण हळूच म्हणाली, "पान्यानं तान वाढते?"

"सायन्समदी वाढत असंल गो," पारूताई म्हणाल्या. "पाठ कर."

आणि मी? मी खूश! वर्ग पाठ करतोय!

मग तोंडी परीक्षेचा दिवस आला. डॉक्टर खुर्चीत, समोर पारूताई, मागच्या बाकावर मी. मला बोलायची मनाई.

"उंदराला ताण येऊ नये म्हणून सकाळी पहिलं काय बघाल?"

"बाटली. नळीतून थेंब येतो का ते."

"छान. आणि भुसा ओला असला तर?"

"तान वाढते. मॅडम बोल्ल्या."

"अगदी बरोबर!" डॉक्टरांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मी मान ताठ केली. तिथेच परीक्षा संपली असती तर किती बरं झालं असतं!

"बरं, मोठ्या आवाजाने उंदराला ताण येतो का?"

"नाय. वराडनाऱ्याला येल. ऐकनाऱ्याला कशी येल?"

डॉक्टरांची भुवई वर गेली. "आणि नवख्या माणसाने हाताळलं तर?"

"हात लावून तान कशी लागंल, डॉक्टर? उन्हानं लागते. नायतर सुकट खाल्ल्यावर."

"उंदरांना सुकट कोणी घातली?" डॉक्टर थेट माझ्याकडे वळले.

आणि तेव्हा, मंडळी, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तान! तहान! हे सगळे इतके दिवस तहान शिकत होते! मी ताडकन उभी राहिले.

"तहान नाही हो पारूताई, ताण! म्हणजे मनावरचा दाब! आंतरिक अस्वस्थता! बाह्य उद्दीपनामुळे..."

"दाब?" पारूताई घाबरल्या. "एवढ्याशा जिवाला दाबायचा कशाला?"

"दाबायचं नाही हो! संप्रेरकं..."

"तुम्ही बसा बघू," डॉक्टर मला म्हणाले. पारूताईंच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. माझ्याही. त्यांची पोरगी मला दिसत होती, आश्रमशाळेच्या दारात उभी, आणि कारण कोण, तर मी आणि माझं शुद्ध मराठी!

डॉक्टर पुढे झुकले. "पारूताई, उंदराला टेन्शन कशानं येतं?"

"टेन्शन?" पारूताईंनी पदराने डोळे पुसले. "टेन्शन होय! मंग जागा बदलली की येतं. नवीन हात लागला की येतं. एकटा ठेवला की येतं. मंग तो खात नाय, केस पिंजारून कोपऱ्यात बसतो. त्याला ओंजळीत घ्यायचा, शेपटी नाय ओढायची, आनि रोज त्याच मानसानं जायचा." त्या जरा थांबल्या. "पोरीला पयल्यांदा शाळेत सोडली ना, ती पन अशीच बसली व्हती. दोन दिस जेवली नाय."

डॉक्टरांनी चष्मा काढून उगीचच पुसला. "सोमवारपासून कामावर या," ते म्हणाले.

मला हुंदका आवरेना. मी धावत जाऊन पारूताईंचे हात धरले. "चुकलं माझं, ताई. तुम्हाला नीट समजावलंच नाही मी."

पारूताईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि माझी बाजू घेत डॉक्टरांना म्हणाल्या,

"मॅडमला काय बोलू नका, डॉक्टर. पोर लय गुनाची हाय. फकस्त सारखा इंग्लिस बोलते!"