बायोस, केशरी दिवा आणि माझा उतावळा हात

शनिवारी दुपारी मी माझ्याच लेकीचा कॉम्प्युटर बंद पाडला... निदान अर्धा तास तरी माझी तशी पक्की खात्री होती. अजून हात शिवशिवतायत, म्हणून लिहूनच टाकते!

आमची सई ग्रेड ट्वेल्व्हमध्ये आहे. तिला ॲनिमेशनच्या कोर्सला अप्लाय करायचंय आणि पोर्टफोलिओची डेडलाइन होती सोमवारी दुपारी बाराची. चाळीस सेकंदांची फिल्म केलीये पोरीने... गोठलेली नदी फुटते आणि खालचं पाणी उसळून वर येतं, एवढंच. पण ते पाणी कॉम्प्युटरला थेंब न् थेंब मोजावं लागतं, आणि आमच्या बेसमेंटमधल्या पीसीच्या अंदाजाने ते मोजून होणार होतं सोमवारी दुपारी चारला.

सई हुडी डोक्यावर ओढून नुसती स्क्रीनकडे बघत बसली. रडली असती तर परवडलं असतं, पण ही गप्प बसते आणि इकडे माझा जीव वरखाली होतो.

मग मी पदर खोचला. मी इथल्या कनाटा भागातल्या एका टेलिकॉम कंपनीत फर्मवेअर लिहिते, म्हणजे यंत्र चालू झाल्याबरोबर सगळ्यात आधी जो प्रोग्रॅम जागा होतो तो. घरचा पीसीही दोन वर्षांपूर्वी मीच मोठ्या ऐटीत जोडलेला. आणि बघते तर काय... रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, खोक्यावर स्पीड ६०००, स्क्रीनवर मात्र ४८००! तो वरचा स्पीड बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मुळाशी असलेल्या सेटिंगमध्ये, जाऊन आपणच चालू करायचा असतो, आणि मी दोन वर्षं तो केलाच नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान...

पण आनंद इतका झाला म्हणून सांगू! एवढा स्पीड घरातच पडून होता की! रीस्टार्ट केला, बायोसमध्ये शिरले, मेमरीच्या पानावर ६०००चं प्रोफाइल निवडलं, सेव्ह केलं. सईला म्हटलं, "बघ आता तुझं पाणी कसं धावतं ते."

स्क्रीन काळी झाली... आणि काळीच राहिली. पंखे फिरतायत, मदरबोर्डवर मेमरीचा बारकासा केशरी दिवा लागलाय, बाकी सामसूम. मिनिटभर थांबले, फार तर दीड. मग पॉवर बटण दाबून धरलं, बंद केलं, परत चालू केलं. पुन्हा तेच. असं मी चार वेळा केलं.

फिल्मची फाइल क्लाउडवर होती, पण ते पाणी मोजू शकेल असं दुसरं मशीन घरात नाही. चार तास वाचवायला गेले आणि पोरीची अख्खी ॲडमिशन बुडवली! सई हळूच म्हणाली, "इट्स ओके, आई." त्या ओकेने तर मला रडूच फुटलं.

तेवढ्यात वरून मंदारने, माझ्या नवऱ्याने, हाक मारली. रस्त्यावरचा बर्फ ढकलत जाणाऱ्या प्लाऊच्या गाडीने आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशीच बर्फाचा ढीग लावून ठेवला होता आणि याची कंबर धरलेली. "तू जरा शोव्हल करतेस का?" चरफडत जॅकेट चढवलं आणि गेले. पीसी तसाच चालू राहिला, बंद करायचं भानच नव्हतं.

सगळा राग त्या बर्फावर काढला. आणि उपसता उपसता एकदम ट्यूब पेटली... अगं बाई! रॅमचा स्पीड बदलला की पहिल्यांदा चालू होताना बोर्ड मेमरीशी जुळवून घेत बसतो, हे सेटिंग लावून बघ, ते लावून बघ. त्याला चांगली पाच-दहा मिनिटं लागू शकतात आणि तोवर स्क्रीन काळीच असते. मी दर दीड मिनिटाला त्याची पाटी पुसत होते!

कहर म्हणजे, "काम चालू असताना पॉवर बंद करू नये" हे वाक्य आमच्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये मीच ठळक करून घालते. आणि ते न वाचणाऱ्या कस्टमरांना शिव्याही मीच घालते.

शोव्हल तिथेच टाकलं आणि बुटांसकट जिना उतरले. खालून सई ओरडतच होती, "आई, इट्स ऑन! इट्स ऑन!" लॉगिन स्क्रीन... आणि आत ६०००! दोघी अक्षरशः नाचलो, कार्पेटचं काय व्हायचं ते झालं.

तासभर मेमरी टेस्ट चालवली, एकही एरर नाही. मग सईने पाणी सुरू केलं आणि नवा अंदाज आला, सोमवारी सकाळी नऊ! मला लगेच हाव सुटली, म्हटलं, ६४०० करून बघू का? "आई. डोन्ट टच इट." कीबोर्डच उचलून मांडीवर घेतला तिने. मंदार म्हणतो, उतावळा नवरा नुसता ऐकून होतो, उतावळी बायको घरातच निघाली.

सोमवारी नऊला पाणी तयार झालं. सई शेवटचं एडिटिंग करायला बेसमेंटचं दार लावून बसली. दहा वाजले, साडेदहा... आतून आवाज नाही. एरवी मी एव्हाना चार वेळा दार वाजवलं असतं, झालं का गं, जमतंय ना, काही खातेस का? सतरा वर्षं हेच करत आलेय... आणि दर वेळी ती बिचारी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत असणार.

दारापर्यंत गेले. हात उचललासुद्धा... आणि परत फिरले. ड्राइव्हवे चांगला स्वच्छ होता, तरी जाऊन शोव्हल करून आले.

पावणेबाराला दार आतून उघडलं. "सबमिटेड!" म्हणाली, आणि मी काही विचारायच्या आत माझा हात धरून मला फिल्म दाखवायला खाली घेऊन गेली. काय उसळलं होतं हो ते पाणी!